तुम्ही विचारलंत म्हणून : ही संगीन कापलेली आहे का?

माझ्याकडच्या संगिनी (रायफलीच्या नळीपुढे लावायची सुरीसारखी पाती) पाहिल्या की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला. ‘ही एवढी आखूड कशी? मोडली म्हणून कापली का?’ आणि लगेच, ‘मग हिला किंमत ती काय राहिली?’ किमतीचं नंतर बघू. आधी कापली कुणी ते बघायचं. लष्करासाठी सरकारी कारखान्यात कापलेली असेल तर मी आनंदाने घेतो. बाजारात कुणी ग्राइंडरवर घासलेली असेल तर फुकट दिली तरी नको.

आपल्याकडे सर्रास सापडते ती १९०७ च्या नमुन्याची, .३०३ ली-एनफिल्ड रायफलीला लावायची संगीन. मूळ पातं १७ इंचांचं. रायफल आधीच्यापेक्षा आखूड झाली होती, तेव्हा पोच कमी पडू नये म्हणून पातं वाढवलं. त्यासाठी जपानी अरिसाका रायफलीची संगीन समोर ठेवली होती. पुढे पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत हीच लांबी अडचणीची ठरली. दुसऱ्या महायुद्धात भारतात ही पाती कापून १२ इंचांची केली आणि ईशापूरच्या रायफल कारखान्यात १२ इंचीच नवी बनू लागली. म्हणजे आखूड संगीन हा आपल्याकडच्या लष्करी इतिहासाचाच भाग आहे. तिला ‘तुटकी’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

ओळखायचं कसं? पात्यावरची पन्हळ, म्हणजे लांबीच्या दिशेने कोरलेली खोलगट खाच, बघा. (तिला ‘रक्ताची नाली’ म्हणतात ते सोडून द्या, ती पातं हलकं करण्यासाठी असते.) १७ इंची पात्यावर ही पन्हळ टोकाच्या बरीच अलीकडे संपते. पातं कापलं की टोक मागे येतं, पन्हळ मात्र होती तिथेच राहते, त्यामुळे ती थेट टोकाला जाऊन भिडलेली दिसते. ईशापूरच्या मुळातच आखूड बनवलेल्या बहुतेक संगिनींना पन्हळच नाही, पातं सपाट. अमेरिकनांनी १९४३ पासून आपल्या १६ इंची संगिनी कापून १० इंची केल्या, त्यांनाही पन्हळीची हीच खूण लागू पडते. फक्त १९०३ च्या नमुन्याशी गल्लत करू नका. ती मुळात १२ इंची, दुधारी, मधोमध कणा असलेली.

मग पात्याच्या मुळाशी, मूठ आणि पातं यांमधल्या आडव्या पट्टीलगतचे शिक्के वाचा. मुकुट, राजाची आद्याक्षरं, विल्किन्सन किंवा सँडरसनसारखं बनवणाऱ्याचं नाव, महिना आणि वर्ष. तिथे ‘१९०७’ असतं ते नमुन्याचं साल, बनवल्याचं नव्हे. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर मात्र प्रत्येक संगीन ‘१९०७ का माल’ असते! बनवल्याचं साल शोधायचं तर महिन्याच्या आकड्याशेजारचा दोन आकडी आकडा पाहा. ‘१७’ असेल तर १९१७. आर.एफ.आय. ही अक्षरं असतील तर ईशापूर.

बाजारू काम टोकावर उघडं पडतं. कारखान्याने कापलेलं टोक सफाईदार असतं, दोन्ही बाजूंचा उतार जुळतो. घासलेलं टोक पेन्सिल चाकूने तासावी तसं एका अंगाला झुकलेलं असतं. जवळच्या पोलादावर निळसर छटा दिसली तर तिथे पाणी उतरलंय, म्हणजे पोलाद तापून मऊ पडलंय. हूकवाल्या जुन्या संगिनींचं उलट असतं. १९१३ मध्ये आडव्या पट्टीचा हूक बंद झाला आणि लष्करानेच कित्येक कापून टाकले. म्हणून काही महाभाग आज तो वेल्डिंगने परत लावतात. तिथे भिंग वापरा.

घेण्याआधी कायद्याचं बघा. शस्त्र नियमांच्या यादीत संगीन नावानिशी आहे, तेव्हा परवान्याची चौकशी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत आधीच करा. लोकलमध्ये पिशवीत घालून मिरवू तर अजिबात नका.

आता किंमत. संग्राहक हूकवाल्या, अखंड संगिनींच्या मागे असतात, कापलेल्यांना भाव कमी. मला ते सोयीचंच. म्यानही जुळून आखूड केलेलं असेल तर दोन पैसे जास्त द्या. लांब म्यानात आखूड पातं खुळखुळत असेल तर संगिनीपुरतेच पैसे मोजा. आणि घरी आणल्यावर म्यान वेगळं ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि आतलं पातं गंजतं. पातं कोरडं पुसून मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. सँडपेपर मारू नका, शिक्के जातात.