लाकडी घराचा बाहेरचा रंग, कडाक्याची थंडी: प्रायमर झाला, वरचे हात सुरू

सद्यस्थिती: जुना रंग खरवडून झाला. दक्षिण आणि पश्चिम भिंतींना प्रायमर (रंगाखालचा पायाचा थर) आणि वरचा पहिला हात लागलाय. उत्तरेला फक्त प्रायमर आहे. स्वयंपाकघरामागचा पट्टा मुद्दाम उघडा ठेवलाय, त्याचं कारण पुढे येईल. भिंती म्हणजे एकावर एक चढवलेल्या पाइनच्या आडव्या फळ्या, वर तेलाच्या रंगाचे बरेच जुने थर. हिवाळ्यात पारा उणे २५ च्या खाली जातो.

रंगाची निवड आधी. शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक इमल्शन, म्हणजे पाण्यावरचा रंग, सॅटिन (हलक्या चमकेचं) फिनिश. तेलाचा रंग सुकल्यावरही वर्षानुवर्षं हवेतला ऑक्सिजन घेत राहतो आणि दरवर्षी थोडा अधिक कडक होतो. लाकूड मात्र ओलाव्याबरोबर फुगतं, आक्रसतं. कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही, त्याला केसासारख्या भेगा जातात, त्यांत पाणी शिरतं. ते पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि रंगाची कड उचलून धरतं. असे दोन-चार हिवाळे गेले की पोपडे सुटतात. अ‍ॅक्रिलिक लवचिक राहतं आणि लाकडातली वाफ काही प्रमाणात बाहेर जाऊ देतं. डब्यावर नुसतं ‘अ‍ॅक्रिलिक’ लिहिलेलं पुरेसं नाही, त्यात व्हिनाइलची भेसळ असू शकते. ‘१००%’ शोधा.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत: माहितीपत्रकातलं घनभागाचं आकारमानी प्रमाण, म्हणजे रंग सुकल्यावर त्याच्या आकारमानाचा किती भाग भिंतीवर उरतो. ते ३८ टक्के असेल आणि एका हाताचा सुका थर ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवा असेल, तर हिशोब ३८ × १० ÷ ४० = लिटरला ९.५ चौरस मीटर. तोच रंग ओढून ओढून १४ चौरस मीटरवर पसरवला की थर २७ मायक्रॉनवर येतो. भिंत रंगलेली दिसते, पण रंग टिकत नाही. प्रायमर धरून एकूण १०० ते १२५ मायक्रॉन हे आमचं लक्ष्य. १२० चौरस मीटरला दोन हातांसाठी हिशोबाने २५ लिटर लागतात. लाकूड खरखरीत असल्याने ३० लिटर घेतला आणि सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र केले, म्हणजे छटेत फरक पडत नाही.

प्रायमर अल्कीडचा, तेलावरचा. पाइनच्या गाठींतून राळ बाहेर येते, म्हणून प्रत्येक गाठीवर आधी लाखेचा सीलर. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना प्रायमरचे दोन हात द्या. टोकाकडून लाकूड सपाट बाजूपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं आणि सडायला सुरुवातही बहुधा तिथूनच होते. राखाडी पडलेलं लाकूड ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ताजं केल्याशिवाय प्रायमर लावण्यात अर्थ नाही; उन्हाने पृष्ठभागाचे तंतू सुटे झालेले असतात, रंग त्यांना चिकटतो आणि त्यांच्यासकट गळून पडतो. जुना रंग शिशाचा असण्याची शंका असेल तर आधी चाचणी करा, कोरडं घासू नका.

आता तापमान, कारण उत्तरेची भिंत त्यावरच अडलीय. साध्या इमल्शनला किमान १० अंश लागतात, थंडीसाठीच्या खास प्रकाराला साधारण २. पण हा आकडा दुपारचा नव्हे. रंगातले पॉलिमरचे कण पाणी उडताना एकमेकांत मिसळून सलग थर बनतो. रात्री पारा त्याखाली गेला तर कण नुसते शेजारी शेजारी बसतात. थर सुकलेला वाटतो, पण भुसभुशीत राहतो आणि पुढे तडकतो. निदान पुढच्या २४ तासांचा अंदाज बघूनच ब्रश हातात घ्या.

दवबिंदूही मोजा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसू लागते ते. हवा ८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे ४.८. भिंतीचा पृष्ठभाग त्याहून किमान ३ अंश वर, म्हणजे ७.८ च्या पुढे हवा. उत्तरेची भिंत अशा हवेत दुपारीसुद्धा ६ वर अडकते. उन्हातल्या भिंतींवर सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात आणि सूर्यास्ताआधी दोन-तीन तास ब्रश खाली. उशिरा लावलेल्या रंगावर दव पडलं की तपकिरी चिकट ओघळ येतात. ते रंगातल्या साबणासारख्या द्रव्यांचे असतात, पाण्याने धुतले जातात. घाबरून त्यावर लगेच दुसरा हात चढवू नका.

स्वयंपाकघरामागचा पट्टा. इथले फुगे फोडले तर खाली थेट लाकूड दिसलं, म्हणजे पाणी आतून येतंय. फुगा फक्त वरच्या थरात असता तर तापलेल्या भिंतीवर रंग लावल्याचा संशय घेतला असता. मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल मोजणारा) इथे १९ टक्के दाखवतो, बाकी भिंती १२-१३. आकडा १५ च्या खाली हवा. शिवाय थंड लाकडात पिनचा मीटर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, तक्ता बघून दुरुस्ती करावी लागते. तापवलेल्या घरातली वाफ हिवाळ्यात भिंतीतून बाहेर ढकलली जाते आणि फळ्यांच्या मागे गारठून पाणी होते. याला कुठलाच रंग पुरा पडत नाही. एक्झॉस्ट पंख्याची नळी भिंतीच्या पोकळीत न संपता बाहेर उघडते ना, हे आधी तपासायचं. फळ्यांच्या खालच्या कडा सीलंटने बंद केलेल्या होत्या, त्या मोकळ्या केल्या. तिथून ओल बाहेर पडायला हवी. सीलंट फक्त उभ्या सांध्यांना आणि खिडक्यांच्या कडेला, तेही रंग धरणारं. निव्वळ सिलिकॉनवर रंग बसतच नाही.

पुढचं काम: दक्षिण-पश्चिमेला दुसरा हात. उत्तरेला सलग उबदार दिवस मिळाले तर दोन्ही हात, नाहीतर प्रायमर हिवाळाभर तसाच राहील आणि वसंतात धुऊन, हलका घासून, गेलेल्या जागी पुन्हा प्रायमर मारावा लागेल. उघड्या पट्ट्यावर वाफ जाऊ देणारं कापड खालून मोकळं सोडून ताणायचं. प्लास्टिक लावलं तर ओल आतच कोंडेल. उरलेला रंग घरात, गोठणार नाही अशा जागी. एकदा गोठून ढवळल्यावरही गुठळ्या राहिल्या तर तो डबा टाकूनच द्यायचा.