मामाचं एलआयसी, माझं लायसन्स

अमेरिकेत विम्यावर देखरेख ठेवणारं, आपल्या आयआरडीएआयसारखं, देशभराचं एकच खातं नाही. 1945 च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने हा कारभार राज्यांकडेच ठेवला. त्यामुळे माझं विमा एजंटचं लायसन्स न्यू जर्सीच्या बँकिंग अँड इन्शुरन्स खात्याचं आहे आणि हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कमधल्या माणसाला पॉलिसी विकायची तर तिथलं नॉन-रेसिडेंट लायसन्स वेगळं घ्यावं लागतं. म्हणजे ठाण्याच्या एजंटाने मुलुंडचा नाका ओलांडला की परवाना बदलायचा.

नियम सरळ आहेत. वय 18 पूर्ण, आयुर्विम्याचे 20 तास आणि आरोग्यविम्याचे 20 तास असा कोर्स, मग परीक्षा, पास व्हायला 70 टक्के. शिवाय बोटांचे ठसे आणि गुन्ह्यांची नोंद आहे का याची तपासणी. आपल्याकडे एजंट होण्यासाठीची आयसी-38 ची परीक्षा 50 प्रश्नांची आणि 35 टक्क्यांना पास. हे ऐकून माझा मामा म्हणाला, "मग तुमच्याकडे एजंट होतो की सीए?"

मामा ठाण्यातला जुना एलआयसी एजंट. मी शाळेत होते तेव्हापासून नौपाड्यातल्या निम्म्या बिल्डिंगांचे हप्ते त्याच्या काळ्या रेक्झिनच्या बॅगेतून जात आलेत. माझा कोर्स ऑनलाइन होता आणि तेव्हाच आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून बराचसा अभ्यास गोखले रोडच्या घरात, तिच्या कॉटशेजारी बसून झाला. मामा संध्याकाळी चहाला यायचा आणि माझ्या स्क्रीनवरचे सराव प्रश्न वाचायचा. मास्तर भेटावा तर असा.

एक प्रश्न होता: अर्जात खाडाखोड करावी लागली तर काय करायचं? उत्तर: बदलाच्या शेजारी अर्जदाराने स्वतः आद्याक्षरं करायची, एजंटाने नाही. मामा गप्पच झाला. त्याचे फॉर्म मी पाहिलेले आहेत. सगळे रकाने त्याच्या टपोऱ्या अक्षरात भरलेले आणि जिथे सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली. "वहिनी, फुली आहे तिथे सही करा, बाकी मी बघतो." लोकही चहाचा कप खाली न ठेवता सह्या करायचे. "शुगर आहे का?" या प्रश्नाला ठाण्यात एकच उत्तर असतं म्हणे, "थोडीशी." आणि 'थोडीशी'साठी फॉर्मवर रकाना नसतो, फक्त 'हो' आणि 'नाही' असतं.

अमेरिकेत हा रकाना सहसा सुटत नाही. 1902 मध्ये विमा कंपन्यांनी मिळून एमआयबी नावाची नोंदसंस्था काढली. तुम्ही एका कंपनीला सांगितलेली तब्येतीची गोष्ट सांकेतिक नोंदीच्या रूपाने दुसऱ्या सदस्य कंपनीला कळू शकते. औषधांच्या दुकानातली तुमची जुनी प्रिस्क्रिप्शनंही, तुमच्या संमतीने, तपासली जातात. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणारा माणूस 'नाही'वर टिक करून फार दूर जात नाही.

कायद्यातली कलमं मात्र शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटतात. तिथे पॉलिसी साधारण दोन वर्षांनी निर्विवाद होते, म्हणजे चुकीच्या माहितीचं कारण काढून कंपनीला क्लेम सहसा नाकारता येत नाही. आपल्याकडे 1938 च्या विमा कायद्याचं कलम 45 तेच करतं, फक्त 2015 च्या दुरुस्तीनंतर मुदत तीन वर्षं आहे. पॉलिसी हातात आल्यावर न आवडली तर परत करायची मुभा तिकडे साधारणपणे 10 दिवस असते, आपल्याकडे आता 30 दिवस. इथे आपण पुढे आहोत, हे सांगितल्यावर मामाने दुसरा चहा मागितला.

मग आला रिबेटचा धडा. गिऱ्हाइकाला कमिशनमधला वाटा परत देणं अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बेकायदेशीर आहे आणि परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास येतो. आपल्याकडेही कलम 41 खाली बंदी आहे, दंड 10 लाख रुपयांपर्यंत. तरी "पहिला हप्ता एजंट भरतो" हे वाक्य न ऐकलेला मराठी माणूस मला दाखवा. मामाचं म्हणणं, देत नाही म्हटलं तर माणूस पुढच्या गल्लीतल्या एजंटाकडे जातो. मला वाटलं होतं, हे नौपाड्यातच राहील. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपतीच्या मंडपात लायसन्सचा विषय निघाला तेव्हा एका काकांनी मला बाजूला घेऊन पहिला प्रश्न हाच विचारला: "आमच्यासाठी काय करशील?" चाळीस वर्षं अमेरिकेत राहिलेले गृहस्थ!

आरोग्यविम्याचा भाग मला खरा अवघड गेला आणि तो कळला आईच्या बिलामुळे. तिची पॉलिसी पाच लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. आम्ही खोली घेतली 8,000 ची. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेचा, कागद आला तेव्हा नुसते वरचे 3,000 नाही, तर डॉक्टरची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही आठातले पाच भागच मंजूर, बाकी कापलेला. भाऊ काउंटरवर भांडत होता आणि मी मागे उभी राहून डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) आणि को-इन्शुरन्स (त्यापुढच्या बिलातला आपला हिस्सा) मनात घोकत होते.

अमेरिकेतलं गणित उलट्या टोकाने सुरू होतं. समजा बिल 20,000 डॉलरचं, डिडक्टिबल 3,000, त्यापुढे 20 टक्के तुमचे, आणि वर्षभरात तुम्ही भरायची कमाल मर्यादा 6,000. आधी 3,000 तुम्ही भरायचे. उरलेल्या 17,000 चे 20 टक्के म्हणजे 3,400. बेरीज 6,400, पण मर्यादा 6,000 ची, म्हणून तुम्ही तिथे थांबता. पुढचं कंपनीचं, नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात मग बिल दोन लाख डॉलरचं का होईना. ठाण्यात कंपनी एका आकड्यापर्यंत भरते आणि पुढचं तुम्ही. तिकडे तुम्ही एका आकड्यापर्यंत भरता आणि पुढचं कंपनी. 2010 च्या ओबामांच्या कायद्याने मूलभूत उपचारांसाठी कंपनीने द्यायच्या रकमेवरची वार्षिक आणि आजन्म मर्यादाच काढून टाकली आणि जुना आजार आहे म्हणून पॉलिसी नाकारणंही बंद केलं. म्हणून तिकडचं मोठं आजारपण माणसाला तुलनेने वाचवतं आणि साधी सर्दी खिसा कापते. आपल्याकडे नेमकं उलट.

परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओळखपत्रं दाखवायची, खिसे उलटे करायचे, घड्याळसुद्धा लॉकरमध्ये, निकाल तिथल्या तिथे. पास झाल्यावरही लगेच विकता येत नाही, एखाद्या कंपनीने नेमणूक द्यावी लागते. आणि बऱ्याच कंपन्या आधी विचारतात, तुमचा स्वतःचा विमा आहे का? म्हणजे एजंटाने चुकीचा सल्ला दिला आणि गिऱ्हाइकाने कोर्टात खेचलं तर त्यासाठीचा. मामाला यावर इतकं हसू आलं की ठसका लागला.

आता ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. मुलगा एच-वन व्हिसावर असेल आणि "साइडला इन्शुरन्स करतोय" म्हणाला तर त्याला थांबवा. त्या व्हिसावर फक्त ज्या कंपनीने अर्ज केला तिचंच काम करता येतं, कमिशनही चालत नाही. पण शनिवारी दुपारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये समोसे, 'आर्थिक स्वातंत्र्य' आणि इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफचे, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेल्या आयुर्विम्याचे, रंगीत तक्ते असा कार्यक्रम आपल्या लोकांत जोरात चालतो. पॉलिसी विकण्यापेक्षा तुम्हालाच एजंट करण्यात त्यांना जास्त रस असतो. तक्त्यात बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही एवढं ठळक असतं. वाढीला वरूनही मर्यादा असते आणि वयाबरोबर विम्याचा खर्च चढत जातो, हे बारीक अक्षरात.

आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी जाणार असतील तर व्हिजिटर इन्शुरन्स घेताना हप्त्याच्या आधी दोन ओळी वाचा. पहिली, जुन्या आजाराबद्दल काय लिहिलंय. बहुतेक पॉलिसी बीपी-शुगरचे नेहमीचे उपचार देत नाहीत, जुना आजार अचानक उसळला तरच देतात, तेही वयानुसार मर्यादा घालून. दुसरी, ती पॉलिसी ठरावीक रकमा देणारी आहे की एकूण बिलाचा हिस्सा देणारी. ठरावीक रकमांची स्वस्त पडते, पण तिकडच्या इमर्जन्सी रूमच्या बिलापुढे ती पुरत नाही. ग्रीन कार्डवर कायमचे जाणार असाल तर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा तिकडचा सरकारी आरोग्यविमा, लगेच मिळत नाही. 65 पूर्ण हवीत आणि सलग पाच वर्षांचा वास्तव्याचा काळ, शिवाय तिकडे तुम्ही किंवा जोडीदाराने दहा वर्षं काम केलेलं नसेल तर पार्ट ए, म्हणजे त्यातल्या हॉस्पिटलच्या भागासाठीही दरमहा पैसे. मधल्या पाच वर्षांसाठी राज्याच्या आरोग्यविमा बाजारातून साधी पॉलिसी घेता येते. न्यू जर्सीत तिची नोंदणी 1 नोव्हेंबरला उघडते.