तुम्ही विचारलंत म्हणून: बटणं दाबून केलेलं विश्लेषण खरं धरायचं का?

अवकाशातून गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी दुर्बिणीच्या डेटावर काम करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याने बहुधा नुकतंच ‘ईझीफर्मी’ हे त्या डेटाच्या विश्लेषणाचं बटणांचं सॉफ्टवेअर उघडलेलं असतं. निर्देशांक, तारखा, ऊर्जेची मर्यादा भरली, बटण दाबलं आणि स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेला किती किरण, तो आलेख) समोर. इतकं सोपं म्हटल्यावर शंका येणारच.

खरं धरायचं. रानिएरे दे मेनेझेस यांनी २०२२ मध्ये आणलेल्या या सॉफ्टवेअरच्या पोटात ‘फर्मीपाय’ ही पायथॉन लायब्ररी आहे आणि त्याच्याही खाली तीच जुनी, कमांडवर चालणारी ‘फर्मीटूल्स’. गणित बदललेलं नाही, हमाली कमी झाली. पूर्वी जीटीसिलेक्ट, जीटीएमकेटाइम, जीटीएलटीक्यूब अशा कमांड एकामागून एक द्यायच्या. वेळ द्यायची ती १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत. नऊ आकडी संख्या, एक आकडा हुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्यातून मी गॅमा किरणांपेक्षा फाइलींना नावं कशी द्यावीत हेच जास्त शिकलो.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक त्याच काळातली, टर्मिनलवरची. एका मंद ब्लेझारच्या (आपल्या दिशेने झोत सोडणाऱ्या दूरच्या दीर्घिकेच्या) लाईट कर्व्हमध्ये, म्हणजे काळानुसार तेजाच्या आलेखात, छान उंचवटा आला. टीएस (स्रोत किती ठामपणे दिसतो त्याचा आकडा) २५ च्या वर, म्हणजे स्रोत दिसला म्हणायला हरकत नाही. दोन दिवस मी खुशीत. मग सहज दोन अंशांवरच्या तेजस्वी शेजाऱ्याचा कर्व्ह शेजारी ठेवला, तर उंचवटा त्याच आठवड्यात! १०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टला फर्मीची नजर इतकी अंधुक असते की एका बिंदूचे फोटॉन पाचेक अंशांवर पसरतात. मॉडेलच्या फाइलीत शेजाऱ्याचा फ्लक्स (फोटॉनचा ओघ) मी कॅटलॉगमधल्या सरासरीवर गोठवून ठेवला होता. तो भडकला, तेव्हा त्याचे जादा फोटॉन फिटने (मॉडेल डेटाशी जुळवणाऱ्या गणिताने) माझ्या स्रोताच्या नावावर जमा केले. त्याला गोठवणारं ते ‘फ्री’पुढचं शून्य मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं.

ईझीफर्मीत निदान त्यासाठी समोर पर्याय असतो: किती अंशांपर्यंतचे स्रोत मोकळे सोडायचे. बहुतेक जण ‘स्टँडर्ड’ तसंच ठेवून पुढे जातात. तुमच्या स्रोताजवळ कोणी भडक शेजारी असेल, तर तेवढं तिथे थांबा. तेव्हा मी फाइलीतल्या त्या शून्याचा एक करून शेजाऱ्याला मोकळं सोडलं, फिट पुन्हा चालवला. उंचवटा गेला, उरले ते अप्पर लिमिटचे (तेज ‘याहून जास्त नाही’ एवढंच सांगणारे) खाली तोंड केलेले बाण.