सख्खी बहीण असताना कागद कशाला?

फोंड्यात ओळखीचं कुणी भेटलं की आधी भावाची चौकशी होते आणि मागोमाग हा प्रश्न येतो: सख्खी बहीण ना तू त्याची, मग पालक व्हायला कलेक्टरकडे कशाला गेलीस? तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

भाऊ ४१ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. १८ पूर्ण झाली तेव्हाच कायद्याने तो सज्ञान झाला आणि त्याच्या वतीने सही करायचा आईवडिलांचा हक्क संपला. आमच्या घरात हे कुणाच्या गावीही नव्हतं. वडील गेले तेव्हा अडलं. गोव्यात नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा अर्धा वाटा असतोच. उरलेल्या अर्ध्यात आम्ही तिघं भावंडं सारखी. म्हणजे कुळागराचा, आमच्या सुपारी-नारळाच्या बागेचा, सहावा हिस्सा त्याचा, आणि त्याच्यासाठी सही करायला कुणी नाही.

"मुखत्यारपत्र करून टाक," असं निदान दहा जणांनी सुचवलं. अहो, मुखत्यारपत्र देणाऱ्याला आपण काय देतोय ते कळायला नको?

वाट निघाली ती १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातून. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीच तो आहे. जिल्ह्याच्या समितीत कलेक्टर, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. पालक हवा का, नेमका कशासाठी हवा, हे त्यांनी बघायचं. भावाला विचारलं, "कुणाकडे राहायचं तुला?" त्याने दाराकडे बोट दाखवलं. चहावाला चालला होता! चहा आला, मग माझं नाव आलं.

आईला आता स्मृतिभ्रंश आहे. तिला हा कायदा चालत नाही. अशांच्या घरच्यांना बरेचदा हायकोर्टात जावं लागतं, आमच्यासाठी ते पर्वरीला. तिथे अजून गेलेले नाही. खरं सांगायचं तर धीर होत नाही.

काहींना वाटतं, भावाचा हिस्सा माझ्या घशात गेला. मिळालं ते काम: सहा महिन्यांत त्याच्या मिळकतीची यादी, मग मार्च सरला की तीन महिन्यांच्या आत वर्षाचा हिशेब. गैरवापर केला तर पालकत्व जातं.

हिशेबाला बसले की तोही शेजारी येतो, कदंबा बसची जपून ठेवलेली तिकिटं घेऊन. निम्मी माझीच असतात. ती हळूच बाजूला काढते, उरलेली प्रवासखर्चात धरते.