जोडी आणली का? आमच्या हौशी फोटोवाल्यांचा वार्षिक मेळावा

१९ ऑगस्टच्या जवळचा रविवार आमच्या मंडळाने कायमचा राखून ठेवलाय. १८३९ साली त्या तारखेला फ्रान्स सरकारने दागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढायची पद्धत सगळ्यांसाठी खुली केली, म्हणून तो जागतिक छायाचित्रण दिन. पुण्यात तेव्हा पाऊस असतो, बहुतेक वेळा श्रावण असतो, नेमका त्याच रविवारी कोणाकडे सत्यनारायण निघतो तर कोणाची मंगळागौरीची पाहुणेमंडळी आलेली असते, तरी आम्ही तारीख हलवत नाही. एकदा हलवली की हलतच राहते हे सरांचं म्हणणं आणि ते मला शंभर टक्के पटतं.

सर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले आमचे सर. मंडळात इंजिनियर आहेत, बँकवाले आहेत, एक भाजीचा गाळा चालवणारे काका आहेत, दोन डॉक्टर आहेत, कॉलेजची मुलं आहेत, पण धंदा म्हणून फोटो काढणारं कोणी नाही. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलात तर खुशाल घ्या, पण इथे यायचं ते स्वतःच्या हौसेचा फोटो घेऊन, हा पहिल्यापासूनचा शिरस्ता.

दीपप्रज्वलन, अहवालवाचन, जमाखर्चाला मंजुरी, नारळ, शाल वगैरे सगळं होतं आणि पटापट होतं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाहुण्यांचं व्याख्यानही असतं. एका वर्षी होमाय व्यारावाला यांच्यावर फार छान भाषण झालं होतं, देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, साडी नेसून खांद्यावर जड कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या, गाडीचा नंबर डीएलडी १३ म्हणून टोपणनाव डालडा १३. ते ऐकून आमच्या ताई लोकांमध्ये वेगळाच हुरूप आला होता. पण व्याख्यान कितीही चांगलं असलं तरी माझं लक्ष घड्याळाकडे असतं, कारण त्यानंतर टीकासत्र असतं आणि टीकासत्राच्या शेवटी जोडी.

आधी टीकासत्राबद्दल. सर सुरुवातीला न चुकता मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीची आठवण काढतात. १८५४ सालची सोसायटी, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी, पेशाने डॉक्टर, त्या काळात काचेच्या प्लेटवर फोटो काढायचे आणि या सोसायटीचे सभासद होते. दिवसभर पेशंट बघून उरलेल्या वेळात केमिकलने बोटं काळी करून घेणारा आपला माणूस पावणेदोनशे वर्षांपूर्वी होता, तर आपण एक रविवार काढू शकत नाही का, असं सर विचारतात. दरवर्षी तेच वाक्य असतं आणि दरवर्षी मला ते नवीन वाटतं.

मग नियम. फोटो प्रिंट करूनच आणायचा, मोबाइल पुढे करायचा नाही. साइज १२ बाय १८ इंच, म्हणजे ३०० डीपीआयने, इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल, त्यामुळे फार क्रॉप केलेला फोटो तिथेच उघडा पडतो. प्रिंट स्टँडवर लावायचा, ज्याचा फोटो आहे त्याने बाजूला उभं राहायचं आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोलणाऱ्यांनी ‘वा’, ‘मस्त’, ‘अप्रतिम’ हे शब्द वापरायचे नाहीत. आधी फोटोत काय दिसतंय ते सांगायचं, मग नजर कुठे अडकते, कुठून बाहेर पळते ते सांगायचं, आणि शेवटी मी असतो तर काय केलं असतं ते. नुसता दोष काढून खाली बसता येत नाही, उपाय सांगावाच लागतो. हा उपायाचा नियम बँकेतल्या काकांनी घातलाय आणि माझ्या मते मंडळ आजवर टिकलंय ते या एका नियमामुळे.

सरांच्या शबनममध्ये काळ्या माउंट बोर्डाचे दोन एल असतात, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात कापलेले. ते प्रिंटवर ठेवून सरकवायचे की चौकट लहानमोठी होते आणि फोटोत नको ते काय आहे ते सगळ्यांना एकदम दिसतं. कॉम्प्युटरवर हेच काम एका सेकंदात होतं हो, पण सर एल हळूहळू सरकवत असतात तेव्हा हॉलमधला प्रत्येक जण मनातल्या मनात ‘बास, इथे थांबा’ म्हणत असतो आणि प्रत्येकाचं ‘इथे’ वेगळं असतं, त्यावरून जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते.

फोटोंचे विषय पुण्याच्या माणसाला सांगायलाच नकोत. दिवेघाटाच्या वळणावरची माउलींची पालखी, भिगवणचे फ्लेमिंगो, कासची फुलं, जेजुरीचा भंडारा. हे फोटो शेकड्याने निघतात आणि एकसारखे दिसतात अशी तक्रार बाहेरून ऐकू येते, मला ती कधीच पटलेली नाही. विषय सगळ्यांचा एकच असला की कोणी काय वेगळं पाहिलं ते लगेच कळतं, शिकायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काय असणार.

आता जोडी. गेल्या वर्षी ज्याच्या फोटोवर टीका झाली त्याने त्याच विषयाचा यंदाचा फोटो आणायचा, दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी लावायचे आणि मधल्या वर्षात काय केलं ते पाच मिनिटांत सांगायचं. याला बक्षीस नाही, सर्टिफिकेट नाही. पण ही पाच मिनिटं ऐकताना माझा गळा दाटून येतो, दरवर्षी येतो, शेजारी बसणाऱ्यांना आता माहीत झालंय.

एका इंजिनियरिंगच्या मुलीची जोडी सांगते. पहिल्या वर्षी तिने सोमवती अमावस्येचा जेजुरीचा फोटो आणला होता, वरून टेलिफोटोने, म्हणजे लांबचं जवळ ओढणाऱ्या लेन्सने काढलेला, खाली माणसंच माणसं आणि वर भंडाऱ्याचा ढग. लांबून बघितलं तर जोरदार, जवळ गेलं की भंडाऱ्याच्या जागी नुसता पिवळा सपाट पट्टा, एक कण दिसत नव्हता. तिला कळेना, कारण कॅमेऱ्यात हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, तर व्यवस्थित होता. बँकेतल्या काकांनी समजावलं की बाळा, तू बघितलास तो एकत्रित आलेख, लाल, हिरवा, निळा वेगवेगळे उघडून बघ, हळदीच्या पिवळ्यात लाल चॅनेल सगळ्यात आधी भरून वाहतो आणि एकत्रित आलेखात ते लपून जातं, पुढच्या वेळी उजेड पाऊण-एक स्टॉप कमी ठेव, एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड. सर म्हणाले, भंडारा दिसला, उधळणारा कुठाय? एवढंच. ती खाली बसली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता आणि मला काळजी वाटली की ही पुन्हा येते की नाही.

आली. पुढच्या ऑगस्टला जोडी घेऊन आली. टेलिफोटो घरी ठेवून ३५ मिलिमीटरची लेन्स लावून, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती गर्दीत आत गेली होती. फोटोत एक मध्यमवयीन माणूस, मागे काळपट दीपमाळ, भंडारा उधळून झालाय आणि त्याच्या पापण्यांवर बसलाय, कण अन् कण मोजता येतोय. ती बोलली फार कमी. म्हणाली, ‘काकांचं गणित मला महिन्याभरात जमलं, सरांच्या प्रश्नाला वर्ष लागलं.’ हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. तो प्रिंट नंतर बालगंधर्व कलादालनातल्या आमच्या प्रदर्शनात लागला, पण खरं सांगायचं तर तिथे तो एकटा लागला होता, शेजारी आधीचा नव्हता, त्यामुळे बघणाऱ्यांना त्याची निम्मीच किंमत कळली असं मला वाटतं.

आणि एसटीतले कंडक्टर दादा. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात, त्यामुळे यांची वारी ड्युटीतच जाते, फोटोसाठी मिळते ती सासवडच्या मुक्कामाची एखादी रात्र. त्यांनी आणलेला फोटो होता एका म्हातारीचा, तुळशीवृंदावन उशाला घेऊन झोपलेली, आणि डावीकडे निळी ताडपत्री लकलकत होती. सरांनी एल लावून ताडपत्री सरळ बाहेर काढली. सगळ्यांनी माना डोलावल्या. दादांची बोलायची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, सर, ताडपत्री काढू नका, त्या रात्री पाऊस थांबत नव्हता आणि ही आजी झोपावी म्हणून दिंडीतल्या बायका ती ताडपत्री आळीपाळीने धरून उभ्या होत्या. सरांनी एल बाजूला केले, पुन्हा नीट बघितलं आणि म्हणाले, ‘तुम्ही म्हणताय ते ऐकून मला भरून आलं, पण फोटोत ते मला दिसलं नाही. ताडपत्री राहू दे. पुढच्या वर्षी ती धरणारे हात आणा.’

मला टीका म्हणजे काय हे विचारलं तर मी हे वाक्य सांगते. माणसाच्या मनातला फोटो आणि कागदावरचा फोटो यातलं अंतर नेमकं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायचं, आणि तेही त्याचा मान ठेवून.

पुढच्या वर्षी दादांना सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मिळाली आणि ते जोडी घेऊन आले. दुसऱ्या प्रिंटमध्ये दोन तृतीयांश जागेत ताडपत्री, पाणी साचून मधोमध फुगलेली, खालून तिला टेकलेले चार-पाच हात, बांगड्या, एका मनगटावर तुळशीमाळ गुंडाळलेली. चेहरा एकाचाही नाही. सरांनी शबनममधून एल काढलेच नाहीत. दादा बोलताना मध्येच थांबले, मग म्हणाले की आजी यंदा दिंडीत नव्हती, विचारलं तर कोणी नीट सांगेना. मी त्या दिवशी पुढे काय झालं ते काही ऐकलं नाही.

एवढं सगळं असताना माझी एक तक्रार आहे आणि ती मी दरवर्षी कार्यकारिणीत मांडते. सकाळी बक्षिसं वाटताना हॉल भरलेला असतो, मागे उभं राहायला जागा नसते. जेवणं झाली की निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ट्रॉफीसोबत फोटो काढून झाला की लोक निघतात, कोणाला ट्रॅफिक लागणार असतो, कोणाचा क्लास असतो. ज्यांना बक्षीस मिळालंय ते तरी थांबायला हवेत, त्यांच्याकडून नवीन पोरांना चार गोष्टी कळतील. आणि सीनियर मंडळींनी फक्त स्वतःच्या जोडीपुरतं येऊन जाऊ नये, दुसऱ्याच्या फोटोवर बोलायला माणसं नसतील तर टीकासत्र होणार कसं? एका वर्षी पहिल्यांदाच आलेल्या एका शाळकरी मुलाच्या फोटोवर बोलायला आम्ही सात जण उरलो होतो. सातही जण बोललो, पोट भरून बोललो, तो मुलगा अजून येतो. पण मला ते अजून लागून राहिलंय.

आता ज्यांच्याशिवाय हे होत नाही त्यांच्याबद्दल, आणि कोणी राहायला नको म्हणून मी यादी दोनदा वाचून घेतलीय. हॉल सकाळी सहाला उघडून देणारे शिपाई मामा, सुट्टीचा दिवस असूनही. लॅबवाले भाऊ, जे मेळाव्याच्या आठवड्यात आमचे प्रिंट सवलतीत काढतात आणि फाइल काळी असेल तर स्वतः फोन करून सांगतात की मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करून पुन्हा बघा, प्रिंट अंधारा येईल. फ्रेमवाले चाचा, माउंट कापायचे पैसे त्यांनी कधीच पूर्ण घेतले नाहीत. प्रत्येक फोटोखालची चिठ्ठी आजही हाताने लिहिणाऱ्या वहिनी, त्यांच्या अक्षरासाठी लोक चिठ्ठ्या घरी नेतात. प्रोजेक्टर बघणारी दोन कॉलेजची मुलं. हिशेब ठेवणारे बँकेतले काका, त्यांच्याबद्दल वर आलंच आहे तरी हिशेबाचे आभार वेगळे. चहा आणि कोथिंबीरवडी करणाऱ्या मावशी आणि त्यांची सून. भाजीच्या गाळ्यावरचे काका, जे पॅनेल आणायला स्वतःचा टेम्पो देतात आणि डिझेलचे पैसे विचारले की रागावतात. स्टँड उधार देणारी शाळा. खुर्च्या लावणारी आणि, त्याहून महत्त्वाचं, संध्याकाळी उचलणारी पोरं. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणाऱ्या डॉक्टर ताई. आणि सुरुवातीच्या काळात स्वतःच्या घरातलं न्हाणीघर डार्करूम म्हणून मंडळाला वापरायला देणारे आजोबा, निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचा एन्लार्जरही त्यांचाच, ऑर्वो कंपनीचे फिल्म रोल धुवायला आम्ही रात्री अकरा वाजता गेलो तरी त्यांनी दार उघडलं. ते आता नाहीत. त्यांच्या सूनबाई दरवर्षी येतात, मागच्या रांगेत बसतात आणि जोडी संपेपर्यंत उठत नाहीत, त्यांचेही आभार.

शेवटी एक कामाची गोष्ट. डिस्प्लेची पॅनेल गेली काही वर्षं ज्या गॅरेजमध्ये ठेवतो तिथे यंदा ओल आली, चार पॅनेलांचं प्लाय फुगलंय. कोथरूड, कर्वेनगर, डेक्कन भागात कोणाकडे कोरडी, तळमजल्यावरची खोली असेल, आठ बाय चारची बारा पॅनेल उभी राहतील एवढी, तर बँकेतल्या काकांना किंवा मला सांगा, टेम्पोची सोय आहे.