बाप्तिस्म्याचा गडू

मामेबहिणीचा फोन आला तेव्हा मी स्वारगेटच्या बसमध्ये उभी होते. "ताई, बाळाची धर्ममाता तू व्हायचंस," एवढंच ती म्हणाली, आणि माझा स्टॉप मागे गेला तरी मला कळलं नाही.

बाप्तिस्म्याला, म्हणजे पाण्यानं बाळाला चर्चमध्ये सामावून घेण्याच्या विधीला, दीड महिना होता. जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या रीतीप्रमाणे मुलीला दोन धर्ममाता आणि एक धर्मपिता असतात, बाळाच्या वतीनं वचन देणारे. दुसरी धर्ममाता बाळाची आत्या. ती पांढरा झगा स्वतः शिवणार होती. धर्मपिता पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, प्रत देणार होते. म्हणजे दोन ठळक भेटी ठरलेल्या, आणि मी काय द्यायचं ते माझं मला शोधायचं होतं.

पहिल्या शनिवारी लक्ष्मी रोडला गेले. दुकानदारानं विचारलं, "बारसं का?" मी म्हटलं, "बाप्तिस्मा आहे." त्यांनी तितक्याच आपुलकीनं वाळे, बिंदल्या, खुळखुळा, वाटी-चमचा असं सगळं गादीवर मांडलं. शुद्ध चांदी मऊ असते, बाळानं आपटली की वाकते, म्हणून वापरायची वस्तू ९२५ ची घ्या, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं, हे त्यांनीच समजावलं. चमचा हातात घेतल्यावर मला इंग्लंडमधली जुनी चाल आठवली. सोळाव्या शतकात तिथे धर्ममाता-धर्मपिता बाळाला प्रेषितांचे, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांचे, चांदीचे चमचे देत. दांड्याच्या टोकाला एकेका प्रेषिताची मूर्ती असायची. पूर्ण संच तेरा चमच्यांचा, बारा प्रेषित आणि एक खुद्द प्रभू. ज्याला संच परवडत नसे तो एकच चमचा देई. ती कल्पना मला फार आवडली. पण बहिणीला फोन केला तर पाळण्यात घातलं त्या दिवशीच वाळ्यांचे तीन जोड आणि दोन वाटी-चमचे आले होते, आणि सगळे कपाटात होते.

कॅम्पात सोन्याची बारीक साखळी आणि क्रूस पाहिला. सुंदर होता. पण तान्ह्या बाळाच्या गळ्यात साखळी घालणं धोक्याचं, तेव्हा तोही लॉकरमध्येच जाणार. सुकन्या समृद्धीचा विचारही केला. ते खातं आईवडिलांना किंवा कायदेशीर पालकालाच उघडता येतं, धर्ममातेला नाही. ते त्यांनी आधीच उघडलं होतं. त्यात मी दरवर्षी थोडे पैसे भरते, पण त्याला मी भेट म्हणत नाही.

मग माझ्या वडिलांनी सुचवलं, पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची जुनी प्रत मिळते का बघ. हे मला एकदम पटलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बाईलाही वाचून कळावं म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण ग्रंथरूपानं निघालं. रमाबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि सोबत त्यांच्या लहानग्या मनोरमेचाही. आईनं आणि लेकीनं एकाच दिवशी ते पाणी घेतलं, हे मला नेहमी हलवून जातं. दोन रविवार जुन्या पुस्तकांच्या दुकानांत काढले. प्रत मिळाली नाही. शिवाय शास्त्र देण्याचा मान धर्मपित्यांचा होता, तो मी का घ्यावा?

वाट सापडली ती पंचहौदच्या चर्चमध्ये. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय १८८५ चं, शेजारी आठ घंटांचा वेगळा उंच मनोरा. बाप्तिस्म्याच्या आधी पाळकसाहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं होतं. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते, त्यातला पहिला भेटवस्तूचाच. ते म्हणाले, "त्याआधी तुम्ही काय कबूल करणार आहात ते वाचू." आणि उपासनाविधी उघडून त्यांनी धर्ममातेला विचारायचे प्रश्न सावकाश वाचले. बाळ बोलू शकत नाही, म्हणून उत्तर तिच्या वतीनं मी द्यायचं. तिच्यासाठी प्रार्थना करायची, तिला विश्वासात वाढवायला मदत करायची. लहानपणापासून हे शब्द कानावरून गेले होते, पण ते माझ्या तोंडी येणार आहेत म्हटल्यावर माझा घसा दाटला.

बाहेर पडताना बाप्तिस्मापात्राकडे लक्ष गेलं. दगडी, कोरडं, झाकण घातलेलं. त्यात पाणी आणून ओतावं लागतं. मी मागे फिरून विचारलं, "साहेब, हे पाणी मी आणलेल्या भांड्यातून ओतलं तर चालेल का?" ते म्हणाले, चालेल, भांडं स्वच्छ हवं, आणि आठवडाभर आधी सांगा म्हणजे तशी तयारी ठेवतो.

मला आजीचा पितळी तांब्या आठवला. आजी नगरची. त्या तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव, "मामाकडून" आणि साल घातलेलं आहे. आजी गेली, तिचं घर विकलं गेलं, पण ती अक्षरं अजून बोटाला लागतात. भांड्यावर नाव घालून देणं ही आपली रीत. आमच्या घरांत ती कधीच सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी कसब्यात तांबट आळीला गेले. ठोक्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येतो. एका कारागीर काकांना सगळं सांगितलं: पाऊण लिटरचा गडू हवा, तीन-चार वर्षांच्या मुलीलाही दोन हातांत धरता यावा, आणि पाणी ओतताना सांडू नये. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, यात ताक, सरबत ठेवणार का?" आंबट काही ठेवायचं तर आतून कल्हई हवीच, नुसत्या पाण्याला नको. मी म्हटलं, पाणीच. मग त्यांनी मठारलेला पत्रा दाखवला. एकेक ठोका बसतो तसं तांबं घट्ट होत जातं आणि त्यावर ते बारीक चमकते खळगे उमटतात. मठारकाम शोभेचं असतं असंच मी आजवर समजत होते. काठ जरासा बाहेर वळवायचं त्यांनीच सुचवलं, म्हणजे धार एकसंध पडेल. तांब्याचं वजन आणि मजुरी धरून झालेला खर्च चांदीच्या वाटी-चमच्यापेक्षा बराच कमी होता. बारा दिवस लागतील म्हणाले, आणि लागलेही बाराच.

काय कोरायचं यावर मात्र मी चार रात्री घालवल्या. आधी पूर्ण वचन लिहायचं होतं, पण काका म्हणाले, खळग्यांवर लांब मजकूर वाचता येत नाही, गळ्याखाली सपाट पट्टी सोडतो, तेवढ्यात बसवा. शेवटी तिचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, "धर्ममातेकडून" आणि "यशया ४३:२" एवढंच ठेवलं. पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, असं देवाचं आश्वासन आहे पवित्र शास्त्रातल्या त्या ओवीत. ती वाचायला लागली की स्वतः शोधून काढेल. कुणी अशी वस्तू करून घेणार असाल तर एक सांगते: नाव घालण्यापूर्वी चर्चच्या नोंदवहीत कसं लिहिणार ते आईवडिलांना विचारून घ्या. आमच्याकडे शेवटच्या आठवड्यात बाळाच्या नावाला पणजीचं नाव जोडलं गेलं. मी थांबले होते म्हणून बरं. उरलेली अर्धी पट्टी मुद्दाम कोरी ठेवली. तिच्या दृढीकरणाची, म्हणजे मोठी झाल्यावर ती स्वतः विश्वास कबूल करेल त्या विधीची, तारीख तिथे येईल, पुढे तिला हवं असेल ते.

त्या रविवारी पहाटे गडू चिंच-मिठानं घासला, भरला आणि रिक्षात मांडीवर धरून नेला. पाणी ओतताना माझे हात थरथरत होते, पण काकांनी म्हटल्याप्रमाणे धार एकसंध पडली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या नावानं तीनदा तिच्या कपाळावर पाणी आलं. ती पहिल्यांदा दचकली, दुसऱ्यांदा रडली, तिसऱ्यांदा गप्प राहून पाळकसाहेबांच्या चष्म्याकडे बघत बसली. उपासनेनंतर गडूत उरलेलं पाणी बहिणीनं देवळाच्या आवारातल्या झाडाला घातलं.

गडू बहिणीनं कपाटात ठेवला नाही, तो स्वयंपाकघरात माठाशेजारी असतो. तांबं हवेनं काळवंडतं. तो दरवर्षी त्याच तारखेला मी जाऊन घासायचा, असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. गेल्या महिन्यात पहिलं वर्ष झालं. चिंचेचा गोळा घेऊन गेले. मी आणि बाळ मोरीशी बसलो, मी घासत होते आणि ती चिंचेत बोटं घालून चाटत होती. आंबट लागलं की डोळे घट्ट मिटायची आणि पुन्हा हात पुढे करायची. धुऊन पाणी भरलं तेव्हा तिनं गडू दोन्ही हातांनी धरला आणि अर्धं पाणी माझ्या साडीवर ओतलं.