आमची वाटचाल : स्टीलच्या बिटापासून कार्बाइडपर्यंत

जळगावात आमचं हत्यारांचं दुकान सुरू झालं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे सागाच्या चौकटी आणि दारं करणारे सुतार. राउटर म्हणजे लाकडात खाचा आणि कडा कापणारं मशीन; त्यात बसणाऱ्या फिरत्या कापणीच्या हत्याराला बिट म्हणतात. मागणी असायची हायस्पीड स्टीलच्या बिटांची. मऊ लाकडात त्यांची धार छान चालते, पण सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) यांमधला वाळलेला गोंद तर त्याहून लवकर. चोपडा, यावल, शिरपूरकडेही फर्निचर प्लाय-सनमायकाचं होऊ लागलं, तशी आम्ही स्टीलची बिटं ठेवणंच थांबवलं.

पोलादाहून कठीण अशा कार्बाइडचं पातं लावलेली बिटं आल्यावर खरी पारख सुरू झाली, कारण दिसायला सगळी सारखीच चकचकीत. आम्ही आधी कार्बाइडच्या पात्याची जाडी बघतो. पातळ पातं एक-दोनदा धार लावली की संपतं. मग भिंगाखाली झाळण, म्हणजे पातं पोलादाला जोडलेला सांधा, बघतो: पातं आणि पोलाद यांच्यामध्ये बारीक छिद्रं किंवा फट दिसली की तो माल परत. चालत्या मशीनवर तिथूनच पातं उडतं. शेवटी नख लावून धार तपासतो. धारेवर घासणीच्या जाड रेघा लागल्या तर लाकडावरही रेघाच उमटतात.

शँक म्हणजे बिटाचा मशीनमध्ये बसणारा दांडा, आणि त्याला आवळून धरतं ते कॉलेट. शँकच्या मापावर आम्ही सगळ्यात जास्त बोलतो. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी. 6 मिमी शँकचं बिट पाव इंची कॉलेटमध्ये आवळल्यासारखं वाटतं, पण पकड पुरी बसत नाही; कापता कापता बिट खाली सरकतं आणि खाच खोल होत जाते. अर्धा इंच आणि 12 मिमीचंही तसंच, फरक 0.7 मिमीचा. म्हणून मशीनचं कॉलेट विचारल्याशिवाय आम्ही बिट देत नाही. अर्ध्या इंची शँकचा व्यास पाव इंचीच्या दुप्पट, पण वाकण्याला विरोध 16 पट. दाराच्या पॅनलसाठीचं मोठं बिट पाव इंचीत मागितलं तर आम्ही सरळ नाही म्हणतो.

मोठ्या बिटाला वेगही कमी लागतो. 50 मिमी व्यासाचं बिट मिनिटाला 24,000 फेऱ्यांवर फिरवलं तर धारेचा वेग सेकंदाला सुमारे 63 मीटर होतो. लाकूड जळतं, हात थरथरतो, बिट तुटलं तर तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. ज्या ट्रिमरला (छोट्या हाती राउटरला) वेग कमी करायची सोय नाही त्यावर असलं बिट लावूच नये, दादा कितीही घाईत असले तरी.

सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, जाळी कापणारे कारागीर येऊ लागले, तेव्हा सॉलिड कार्बाइडची स्पायरल बिटं ठेवावी लागली. अपकट भुसा वर फेकतं, पण वरची सनमायका उचकटतं. डाउनकट वरची कड स्वच्छ ठेवतं, मात्र भुसा खाचेतच अडकून बिट तापतं. दोन्ही बाजूंना सनमायका असेल तर कॉम्प्रेशन बिट घ्यावं, म्हणजे खाली अपकट आणि वर डाउनकट असलेलं. त्याच्या खालच्या अपकट भागापेक्षा पहिला फेरा खोल गेला नाही तर वरची कड फाटतेच. साध्या अपकट किंवा डाउनकट 6 मिमीच्या बिटाने 12 मिमी खोल जायचं तर 3-3 मिमीचे चार फेरे घ्यावेत.

सनमायकाची कड प्लायच्या बरोबरीने कापणारं बेअरिंगवालं ट्रिमिंग बिट घेताना बेअरिंग बोटाने फिरवून बघा. अडकतं किंवा डुगडुगतं ते नको. चिकटलेला डिंक रॉकेलने निघतो, पण आधी बेअरिंग काढा, नाहीतर आतलं ग्रीस धुऊन जातं. धार लावायची ती पात्याच्या सपाट आतल्या बाजूलाच, डायमंड पट्टीवर, दोन्ही पात्यांना सारख्याच वेळा. बाहेरच्या गोलाईला घासलं की व्यास घटतो, बेअरिंगशी मेळ राहत नाही आणि सनमायकाची कड प्लायच्या बाहेर उरते.